कानाला दडा बसला आहे की ऐकू येणेच गेले आहे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कानाच्या तक्रारींत एक तक्रार सतत येते आणि बहुतेक वेळा उशिराच येते : "एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, पंधरा-वीस दिवस झाले, आता काय करू?" म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयाचे घेतले आहेत. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट झाली आणि बिघाड आंतरकर्णात किंवा ऐकण्याच्या नसेत असला, तर त्याला आम्ही अचानक आलेला बहिरेपणा म्हणतो. तो जवळजवळ नेहमी एकाच कानाला होतो. कोणत्याही वयात होतो, पण चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसतो.

प्रश्न : सकाळी उठलो तर उजवा कान बंद. दुखत नाही, वाहत नाही, नुसती शिट्टी वाजते. मेडिकलमधून मळ विरघळवायचे थेंब आणले. आज आठवा दिवस. मळ निघायला किती दिवस लागतात? (वय ४६, सांगली)

थेंब बंद करा आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हे उत्तर इथेच संपले असते, पण याच एका गैरसमजापायी लोक आपला कान गमावतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी वाटते, मळ असेल. तिसऱ्या दिवशी वाटते, सर्दी कानात उतरली असेल, म्हणून सर्दीची गोळी. पाचव्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक. मग कोणीतरी सांगते, "थांब थोडे, माझ्या मेहुण्याचे आपोआप उघडले होते." पंधराव्या दिवशी श्रवणचाचणी होते आणि तोवर उपचाराचा सर्वांत मोलाचा काळ हातातून गेलेला असतो. 'दुखत नाही म्हणजे गंभीर नाही' हा यातला सर्वांत घातक समज. दुखते ते बाहेरच्या आणि मधल्या कानाचे. आंतरकर्णातल्या ऐकण्याच्या पेशी मरतात तेव्हा काहीही दुखत नाही. कान भरल्यासारखा, दडा बसल्यासारखा वाटतो, इतकेच. मळातही नेमके असेच वाटते. म्हणून नुसत्या 'वाटण्यावरून' निदान करू नका.

फरक कळण्यासाठी घरी एक गोष्ट करता येते. तोंड मिटून 'म्‌म्‌म्' असा जाड आवाज गुणगुणा आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहा. बंद वाटणाऱ्या कानात मोठा वाटला, तर अडथळा बाहेर किंवा मध्यकर्णात असण्याची शक्यता जास्त : मळ, पाणी, सर्दी, पडद्याची तक्रार. चांगल्या कानात मोठा वाटला, तर नसेचे नुकसान समजून तडक निघा. नीट कळले नाही, तरी तडक निघा. ही परीक्षा घाई करण्यासाठी आहे, घरी थांबण्यासाठी नाही.

तज्ज्ञ तेच अधिक खात्रीने करतात. आधी कानात पाहतात. मळ असेल तर काढतात. मग ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (एका सुरात वाजणारा धातूचा चिमटा) कोपरावर हलका आपटून त्याचा दांडा कपाळाच्या मधोमध टेकवतात आणि आवाज कुठे ऐकू येतो ते विचारतात. त्यानंतर तोच फोर्क कानामागच्या हाडावर आणि कानासमोर धरून तुलना करतात. हे सगळे दोन मिनिटांत होते. मग आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजेच श्रवणचाचणी. तिच्या कागदावर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. रेघ जितकी खाली, तितके ऐकणे कमी. तो कागद जपून ठेवा. पुढची सुधारणा त्याच्याशीच ताडून पाहायची असते.

आता घाई कशासाठी, ते सांगते. या आजारात दिले जाणारे मुख्य औषध म्हणजे स्टेरॉइड. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता असते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. तोंडावाटे द्यायचे तर साधारणपणे वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, दिवसाला जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, असा दहा ते चौदा दिवसांचा क्रम असतो आणि शेवटी मात्रा उतरवत नेतात. हे आकडे मेडिकलमध्ये जाऊन गोळ्या आणण्यासाठी दिलेले नाहीत. तुमच्या हातातली चिठ्ठी काय सांगते ते तुम्हाला कळावे, म्हणून दिले आहेत. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही, तर पडद्यातून बारीक सुईने मध्यकर्णात स्टेरॉइड देतात. त्याचा विचार साधारण सहा आठवड्यांपर्यंत होतो. त्यानंतर पदरात फारसे काही पडत नाही.

आणखी दोन गोष्टी. दवाखान्यात फोन करताना 'कान बंद झालाय' असे सांगू नका, पुढच्या आठवड्यातली वेळ मिळेल. 'एका कानाने अचानक ऐकू येणे गेले आहे, अमुक दिवस झाले' असे सांगा. आणि मळ काढल्यावरही ऐकू आले नाही, तर 'सूज उतरली की येईल' यावर समाधान मानून घरी येऊ नका. तिथेच श्रवणचाचणी मागा. कानात मळ आहे म्हणून नस शाबूत आहे, असे होत नाही. दोन्ही एका वेळी असू शकते.

प्रश्न : डोक्यावरून आंघोळ केली की एक कान बंद होतो, दुपारपर्यंत उघडतो. हे तेच का? (ठाणे)

बहुधा नाही. पाण्याने मळ फुगतो. कान तपासून मळ काढून घ्या, आणि काडी, पिन, किल्ली काही घालू नका.

प्रश्न : आईच्या कानात लसूण घालून कडवलेले तेल सोडतो. शेजारच्या काकांना त्याने ऐकू यायला लागले. चालेल का? (बीड)

नाही. गरम तेलाने कानाची नळी आणि पडदा भाजतो, आणि पडद्याला भोक असेल तर तेल थेट मध्यकर्णात जाते. आंतरकर्णापर्यंत ते पोहोचतच नाही. काकांना फरक पडला असेलही, कारण अचानक आलेल्या बहिरेपणात एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांत कमी-अधिक सुधारणा आपोआप होते, तीही बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. त्या दिवसांत जो उपाय चालू असतो, त्याला श्रेय मिळते. तेल, मेणबत्तीचा धूर, अंगारा, 'नसांची ताकद' वाढवणाऱ्या गोळ्या, सगळ्यांची ख्याती अशीच झाली आहे. तुमच्या आईचा कान त्या नशीबवान गटात आहे की नाही, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. आईंना ऐकू कमी येऊन किती दिवस झाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. अलीकडचेच असेल तर उद्या सकाळी त्यांना घेऊन निघा.

प्रश्न : एमआरआय झाला, रक्त तपासले, सगळे नॉर्मल. मग माझा कान गेला कशाने? कोणी सांगायला तयार नाही. (वय ३८, पुणे)

कारण दहापैकी जवळजवळ नऊ जणांत नेमके कारण सापडतच नाही. डॉक्टर लपवत नाहीत, आजाराचे स्वरूपच असे आहे. शक्यता मात्र ठाऊक आहेत. विषाणूंचा संसर्ग ही एक. दुसरी रक्तपुरवठ्याची : आंतरकर्णाला रक्त पोहोचवणारी धमनी एकच आणि केसासारखी बारीक. तिला दुसऱ्या धमनीचा आधार नाही. वाडीला एकच नळ यावा आणि तोच तुंबावा, तसे होते. ऐकण्याच्या पेशी प्राणवायूविना फार वेळ तग धरत नाहीत, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिसरी शक्यता शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच आंतरकर्णावर हल्ला करण्याची. यात बहुधा दोन्ही कान आठवड्या-महिन्यांत खालावतात. मेनिएरचा आजार (आंतरकर्णाचा, चक्कर आणणारा), आंतरकर्णातला द्रव झिरपणे, डोक्याला मार, सिफिलिस, ही कारणेही यादीत आहेत.

मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट यांचा संबंध बारीक रक्तवाहिन्यांशी आहे. त्यांना धोका वाढवणारे घटक म्हणता येईल. पण 'तुमचे कोलेस्टेरॉल वाढले म्हणून कान गेला' असे एखाद्या रुग्णाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्ताच्या तीस-चाळीस चाचण्यांचे पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. सरसकट चाचण्यांचा इथे उपयोग नाही. तपासायचे ते लक्षणांवरून आणि पूर्वेतिहासावरून. एमआरआय केलात हे चांगले केलेत. ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर वाढणारी गाठ काही जणांत अशीच, अचानक बहिरेपणाने, पहिल्यांदा उघडकीस येते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण सापडायला हवी. स्टेरॉइडने ऐकू यायला लागले म्हणून एमआरआय टाळणारेही भेटतात. गाठ असतानाही सुधारणा होऊ शकते, म्हणून तो टाळू नका.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब आहे. डॉक्टरांनी स्टेरॉइड सांगितले. साखर वाढेल म्हणून आम्ही सुरू केलेले नाही. चार दिवस झाले. (नाशिक)

साखर वाढेल, हे खरे. पण त्यावर मार्ग आहेत आणि ते डॉक्टरांनाच विचारायचे होते. गोळ्या घरात ठेवून चार दिवस गप्प बसणे हा मार्ग नव्हे. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर या दोघांशी बोला. ग्लुकोमीटरवर साखर दिवसातून तीन-चार वेळा पाहून औषध वाढवत कोर्स करता येतो. साखर आधीच फार चढलेली असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, पोटात अल्सर असेल, डोळ्यांचा काचबिंदू असेल, तर ते आधी सांगा. अशा वेळी गोळ्यांऐवजी थेट कानात इंजेक्शन देता येते. त्यातले औषध रक्तात फारसे उतरत नाही.

इंजेक्शनचे नाव ऐकून लोक घाबरतात, म्हणून सांगते. पडदा आधी बधिर करतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने अर्धा-पाऊण मिलिलीटर डेक्सामेथासोन मध्यकर्णात सोडतात. नंतर तो कान वर करून पंधरा ते तीस मिनिटे पडून राहायचे, बोलायचे नाही आणि शक्यतो गिळायचेही नाही, कारण गिळताना औषध घशाकडे निसटते. क्षणभर भोवळ येऊ शकते. अशी तीन-चार इंजेक्शने दोन आठवड्यांत होतात. स्टेरॉइडने ऐकू येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. चक्कर असेल, बहिरेपणा खूप असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर सुधारणेची शक्यता कमी असते. तरीही हातात असलेला उपाय वेळेत करावा, असेच मी सांगेन.

प्रश्न : एका औषधाने बहिरेपणा येतो म्हणे. मी हृदयासाठी ॲस्पिरिन घेतो. बंद करू का? (रत्नागिरी)

अजिबात नाही. ७५ मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीने हे होत नाही. ॲस्पिरिनने कान वाजतात ते फार मोठ्या मात्रेत, आणि औषध थांबले की बहुधा ऐकणे परत येते. हृदयाची गोळी हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता बंद केलीत, तर जिवाशी गाठ पडेल.

काळजी करण्यासारखी औषधे वेगळी आहेत. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, शिरेतून वेगाने आणि मोठ्या मात्रेत दिलेले फ्युरोसेमाइड. यात बहुधा दोन्ही कान जातात, आधी उंच पट्टीचे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, आणि इंजेक्शन थांबल्यावरही काही दिवस नुकसान चालू राहू शकते. मूत्रपिंड अशक्त असेल तर धोका बराच वाढतो. काही घराण्यांत आईकडून येणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे थोड्याशा मात्रेनेही कान जातो. मावशी, मामा, आजी यांना 'इंजेक्शनने बहिरेपणा' आला असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. पडद्याला भोक असताना जेंटामायसिनचे कानातले थेंबही सुरक्षित नाहीत, म्हणून जुन्या चिठ्ठीवरचे थेंब परत आणू नका. आणि पुरुषांसाठी : लैंगिक दुर्बलतेवरच्या, सिल्डेनाफिलच्या जातीच्या औषधांवर २००७ पासून अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेने अचानक बहिरेपणाचा इशारा छापायला लावला आहे. असे होणे विरळा आहे, पण गोळी घेतली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. महिन्यापूर्वी गालगुंड झाले होते. आता फोन नेहमी डाव्याच कानाला लावते. (कोल्हापूर)

नीट पाहिलेत. उजव्या कानाची श्रवणचाचणी याच आठवड्यात करून घ्या. गालगुंडाने क्वचित एक कान पूर्ण जातो, आणि मूल तक्रार करत नाही कारण दुसऱ्या कानावर त्याचे भागते. गेलेला कान परत येण्याची आशा फार थोडी असते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, तिच्यात गालगुंड नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीत आहे. धाकटे भावंड असेल तर बालरोगतज्ज्ञांना त्याविषयी विचारा.

प्रश्न : विमानातून उतरल्यावर गायिका अलका याज्ञिक यांना ऐकू येईनासे झाले, अशी बातमी होती. विमानप्रवास टाळावा का? (पणजी)

टाळू नका. त्यांनी जून २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की विमानातून उतरल्यावर हे लक्षात आले, आणि डॉक्टरांनी विषाणुसंसर्गामुळे नसेचा बहिरेपणा झाल्याचे निदान केले. लोकांनी त्यातले विमान तेवढे लक्षात ठेवले. विमान उतरताना कानाला दडे बसतात ते मध्यकर्णातला दाब न सुटल्याने. आवंढा गिळून, जांभई देऊन ते सुटतात. नाक चोंदले असेल तर एखाद-दुसरा दिवस जास्त लागतो. उतरल्यावर एका कानाने ऐकूच येत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर विमानतळावरून घरी जाऊन झोपू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : विसर्जनात डीजेसमोर दोन तास नाचलो. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी आणि ऐकू कमी. आपोआप जाईल ना? (वय २२, पिंपरी)

कदाचित. पण वाट पाहू नका, आज श्रवणचाचणी करा. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची सहनशक्तीची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीपुढे आवाज शंभरच्या वरच असतो. म्हणजे तुमच्या कानांनी एका संध्याकाळी कित्येक दिवसांचा वाटा संपवला. ऐकणे दोन दिवसांत पूर्ववत झाले, तरी नुकसान झालेच नाही असे समजू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल इतकीच मर्यादा आहे. मंडळांनी ती वाचावी, ही कळकळीची विनंती.

कापसाचा बोळा जवळजवळ काहीच अडवत नाही. ढोलपथकात किंवा मिरवणुकीत जाणार असाल तर फोमचे प्लग घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धवट बाहेर लोंबणारा प्लग नुसता दिखाऊ असतो.

प्रश्न : ताणामुळे कान जाऊ शकतो का? (सोलापूर)

ताण हे कारण म्हणून सिद्ध नाही. 'टेन्शनमुळे झाले' असे सांगून कोणी श्रवणचाचणी टाळत असेल, तर डॉक्टर बदला.

प्रश्न : सासूबाईंना एका कानाने एकदम ऐकू येईना, गरगरतेय आणि चालताना तोल जातोय. चक्करच्या गोळ्यांनी थांबेल का? (लातूर)

गोळी देऊन निजवू नका. त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. आंतरकर्णाची धमनी मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीचीच फांदी असते, त्यामुळे बहिरेपणा आणि चक्कर हे पक्षाघाताचे पहिले लक्षण असू शकते. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करा, कान-नाक-घसा तज्ज्ञ शोधत बसू नका. कानात किंवा कानामागे पाण्याचे फोड आणि तोंड वाकडे असेल तर ती कानातली नागीण. तिलाही त्याच दिवशी औषध लागते, मंत्र-उतारा नाही.

प्रश्न : दुकानात मोफत तपासणी केली. 'नस कमजोर झाली, मशीन लावा, आज सूट आहे' म्हणाले. बारा दिवसांपूर्वी ऐकू येणे गेले. घेऊ का? (नागपूर)

आज मुळीच नाही. तुमचा उपचाराचा काळ संपत आला आहे आणि ते तुम्हाला मशीन विकत आहेत. याबद्दल मला मनापासून संताप येतो. शिवाय त्या तपासणीवर विसंबू नका. एका कानात दिलेला मोठा आवाज कवटीतून दुसऱ्या कानाला पोहोचतो, म्हणून चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते. याला मास्किंग म्हणतात. ते न करता, बाजारातल्या गोंगाटात, हेडफोन लावून केलेल्या तपासणीत पूर्ण गेलेला कानही 'मध्यम बहिरा' दिसतो, आणि मग मशीन उपयोगी पडेल असे सांगता येते. ते पडत नाही. श्रवणतज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, विचारा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. उद्याच्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि दुकानाचा कागदही सोबत न्या.

प्रश्न : डावा कान जाऊन पाच महिने झाले. आता काहीच उपाय नाही का? (गोरेगाव, मुंबई)

औषधाचा काळ गेला. आता स्टेरॉइड, शिरेतली इंजेक्शने किंवा प्राणवायूच्या दाबकक्षाचा महागडा कोर्स कोणी सुचवत असेल तर पैसे घालवू नका. दाबकक्षाचा विचार पहिल्या महिन्यातच आणि स्टेरॉइडसोबतच करतात. एमआरआय झाला नसेल तर तो मात्र अजूनही करा. सहाव्या महिन्यात ऑडिओमेट्री पुन्हा करून पहिल्या कागदाशी ताडून पाहा.

थोडेफार ऐकू येत असेल तर नीट बसवलेले श्रवणयंत्र चालते. कान पूर्ण गेला असेल तर डावीकडचा आवाज बिनतारी उजव्या कानाकडे पोहोचवणारे क्रॉस यंत्र, हाडावाटे ऐकवणारे यंत्र, किंवा काही जणांना कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायचे यंत्र), असे पर्याय आहेत. विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहायला मागा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा महापालिकेच्या नायर रुग्णालयात श्रवणतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. रस्ता ओलांडताना मान दोन्हीकडे वळवून पाहायची सवय लावा, कारण एका कानावर हॉर्न कुठून आला हे कळत नाही. मीटिंगमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर डाव्या टोकाची जागा पकडा, म्हणजे सगळे उजवीकडे येतील. आणि उजव्या कानाने अर्धा दिवस जरी कमी ऐकू आले, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.